काचेआडचं बोलणं

ल्यूटन
२० एप्रिल १९३९

प्रिय रो,

ईस्टरला तू येणार म्हणून मी दोन क्लँगर भाजून ठेवले होते. पिठाच्या एकाच वळकटीत एका टोकाला मटण, दुसऱ्या टोकाला जॅम, अगदी आपली एलेनआत्या करायची तसे. रविवारी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली आणि मग दोन्ही मीच संपवले. नाताळातही तू आली नाहीस. मी रागावलेले नाही, दोन वेळा झालं एवढंच सांगते आहे.

इकडे हंगाम ऐन भरात आहे. उन्हाळा तोंडावर आला की इंग्लंडातल्या प्रत्येक बाईला काडाची टोपी हवी असते, आणि ती सगळ्यांना एकाच आठवड्यात हवी असते. आमच्या खोलीत तीस शिलाईयंत्रं एकदम चालतात. त्या खडखडाटात बाकीच्यांना एकमेकींचं काही ऐकू येत नाही, म्हणून त्या तोंड मोठं करकरून बोलतात. परिणाम असा, की अख्ख्या खोलीत सगळ्यांचं सगळं कळणारी बाई मी एकटीच. आमच्या मुकादमीण मिसेस डनहॅम यांच्या जावयाने काय दिवे लावले ते त्यांच्या मुलीच्या आधी मला कळलं.

पण लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. स्टेशनच्या रस्त्यावर टिलकॉकांचं रेडिओचं दुकान आहे ना, त्याच्याशी माझं काय देणंघेणं असणार. पण मंगळवारी तिथे काचेबाहेर चार बायका घोळका करून उभ्या होत्या, म्हणून मीही थांबले. आत कपाटाएवढी एक पेटी, तिचं झाकण उघडं, झाकणाच्या आत आरसा, आणि आरशात एक बाई. शाळेच्या पाटीएवढी असेल, निळसर, पण जिवंत. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधल्या टेलिव्हिजन केंद्रातून येत होती. बाहेरच्या बायका कुरकुरत होत्या की काचेमुळे ऐकू काही येत नाही. मला सगळं ऐकू येत होतं. ती बाई गाणार होती. गाण्याआधी पियानोवाल्याकडे मान वळवून ती म्हणाली, "या बुटांनी जीव घेतला माझा," आणि मग गोड हसून प्रेमाचं गाणं म्हणाली. मी रस्त्यात उभी राहून इतकी हसले की मिस्टर टिलकॉक बाहेर आले.

रो, तुला ठाऊक आहे, दहा वर्षांत मी सिनेमाला गेलेले नाही. मुके चित्रपट होते तोवर आपल्या दोघी बहिणींची शनिवारची दुपार कधी चुकली नाही. मग चित्रपट बोलायला लागले आणि माझ्यापुरते मुके झाले. त्यातली माणसं एकमेकांकडे बघून बोलतात, पाठ फिरवून बोलतात, अंधारात बोलतात. नवव्या वर्षी तापाने माझे कान नेले आणि त्या बदल्यात डोळे तेवढे तिखट करून दिले, पण पाठमोऱ्या माणसाचे ओठ कसे वाचणार? त्याच बोलण्याने तुला मात्र लंडनला नेलं, स्टुडिओत नेलं, ते छानच झालं. आत्या म्हणायची, रोचा आवाज म्हणजे गरम पावावरचं लोणी. मोठेपणीचा तुझा आवाज मला ठाऊक नाही, पण लोणी म्हणजे काय ते समजतं.

या पेटीतली माणसं मात्र समोर बघून, चेहरा जवळ आणून बोलतात. कुणीतरी माझ्यासाठीच काढल्यासारखी वाटली ही पेटी. टिलकॉक म्हणाले, कधीही येऊन बसा. म्हणाले असावेत. त्यांच्या मिशा वरच्या ओठावरून खाली आल्या आहेत, त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं मला अंदाजानेच घ्यावं लागतं.

तू त्या पेटीत कधी येणार ते कळव.

तुझी,
हेस्टर


लंडन
२४ एप्रिल १९३९

प्रिय हेस्टर,

दोन्ही क्लँगर एकटीने खाल्लेस हे वाचून बरं वाटलं, म्हणजे प्रकृती उत्तम आहे. माझ्यावर राग धरू नकोस. हिवाळाभर सिनेमाचं काम चाललं होतं, ते संपलं तोच टेलिव्हिजनवाल्यांनी बोलावलं. यायला जमलंच नाही, दुसरं काही कारण नाही.

तुझ्या पेटीत मी येणार आहे, तेही महिन्याभरात. नाटक आहे एका जहाजाच्या कप्तानाचं, मी त्याची बायको. काम अगदी लहान आहे. संवाद असे नाहीतच. शेवटी कप्तान निघतो, खाली धक्क्यावर वाद्यं वाजत असतात आणि मी माडीवरच्या बंद खिडकीआडून त्याला निरोप देते. दिग्दर्शक म्हणाले, "बाई, ओठ हलवत राहा. काहीही म्हणा, हवं तर वाणसामान सांगा. वाद्यांत ऐकू काही जाणार नाही." मीच म्हटलं होतं की यंदा मला हलकं काम द्या, थकले आहे.

ती जागा तुला बघायला हवी. दिवे इतके तापतात की मेजावरची मेणाची फळं दुपारपर्यंत वाकडी होतात. एका खोलीचा प्रवेश संपला की बूट हातात घेऊन चवड्यांवर धावत दुसऱ्या खोलीत पोचायचं, कारण मध्ये थांबणं नाही. सिनेमात चुकलं तर पुन्हा करतात, हवं ते ठेवतात, नको ते कापतात. इथे चुकलं की चुकलं, आणि साधलं तरी उरत काही नाही. म्हणून तेच नाटक आठवड्याने पुन्हा पहिल्यापासून करायचं. पहिला खेळ १६ मेला रात्री नऊला आहे, तेव्हा टिलकॉकांचं दुकान बंद असेल. दुसरा २५ तारखेला, गुरुवारी दुपारी. तो बघ, मिसेस डनहॅमनी सोडलं तर.

आणि हे टिलकॉक काय प्रकरण आहे? पत्रात त्यांच्या मिशांवर तीन ओळी आल्या आहेत. माझ्या कामाबद्दल तू कधी तीन ओळी लिहिल्याचं आठवत नाही.

तुझी,
रो


ल्यूटन
१७ मे १९३९

प्रिय रो,

हे पत्र तू एकटी असशील तेव्हा वाच.

मी काल रात्री तुला पाहिलं. टिलकॉकांनी गिऱ्हाइकांसाठी दुकान उघडं ठेवलं होतं, आणि कोपऱ्यात माझ्यासाठी खुर्ची. तू खिडकीत आलीस तेव्हा मी खुर्ची मागे सरकवली, इतकी जवळ होतीस. शेजारच्या बायका रुमाल काढून बसल्या. त्यांना वाद्यं ऐकू येत होती. मला तू ऐकू येत होतीस.

तू वाणसामान सांगत नव्हतीस.

सगळं मिळालं नाही. बाहेरून मोटार गेली की त्या आरशात पांढऱ्या ठिपक्यांचा पाऊस पडतो, आणि नेमकी तेव्हाच कुणाची तरी मोटार गेली. पण "डॉक्टर" मी पाहिलं. "एकतीस तारखेला" पाहिलं. "कळा" पाहिलं. आणि "मला भीती वाटते, कुणाला सांगू" हे तर अगदी स्पष्ट पाहिलं, कारण तेव्हा तू सरळ माझ्याकडे बघत होतीस.

रो, मी रात्रभर विचार केला. तू नाताळात का आली नाहीस, ईस्टरला का आली नाहीस, हलकं काम का मागून घेतलंस, सगळं जुळलं. तो कोण आहे ते मी विचारणार नाही. तो लग्न करणार असता तर तुझी ही वेळ आली नसती, एवढं मला समजतं. आणि एकतीस तारखेला कुठल्या डॉक्टरकडे जायचं ठरवलं आहेस, तेही समजतं. जाऊ नकोस. आपल्या गल्लीतली ती पेगी गेली होती, आठवते ना.

इकडे ये. माझी खोली दोघींना पुरेल, तिघांनाही पुरेल. हंगाम संपला की मी टोप्यांचं काम घरी आणीन. लोकांना सांगू की तुझा नवरा समुद्रावर वारला, कालच तर गेला आहे, अर्ध्या ल्यूटनने पाहिलंय. मूल रडलेलं मला ऐकू येणार नाही हे खरं, पण पाळणा पायाला दोरीने बांधून झोपणाऱ्या बहिऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. मी ते करीन. पिवळी लोकर आजच आणली, म्हणजे मुलगा-मुलगी कुणीही चालेल.

ताबडतोब लिही.

तुझी,
हेस्टर


लंडन
१९ मे १९३९

माझी वेडी हेस्टर,

कळा नाही गं. गळा.

क आणि ग ओठांवर सारखेच दिसतात, ही तूच लहानपणी मला शिकवलेली गोष्ट. तुझं पत्र वाचून मी आधी इतकी हसले की घरमालकीण वर आली, आणि मग ती गेल्यावर बराच वेळ रडले. पिवळ्या लोकरीपाशी तर दोनदा.

मूल नाही, पुरुषही नाही. गळ्यात गाठ आहे. गेल्या ऑक्टोबरपासून आवाज फुटायला लागला. आधी वाटलं सर्दी, मग वाटलं दिव्यांचा धूर. सिनेमाचं काम कसंबसं रेटलं. शेवटी शेवटी एक वाक्य बोलायला चार चार वेळा पाणी प्यावं लागे. आता एकतीसला इस्पितळात कापणार आहेत. गाठ जाईल म्हणतात. आवाज राहील का, असं विचारलं तर डॉक्टर खिडकीबाहेर बघतात. त्या रात्री मला वाटलं, काचेआड आहे, शिवाय वाद्यं आहेत, एकदा तरी तोंडाने म्हणून टाकावं. दुकान बंद असेल असं धरून चालले होते.

तुला का सांगितलं नाही ते लिहिते, पण नीट लिहिता येईल की नाही ठाऊक नाही. इथे मी तोंड उघडलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. दूधवाल्याचासुद्धा. सगळे हळू बोलतात, जसं काही घरात कुणी गेलंय. एकटी तू उरली होतीस जिला माझा आवाज गेलेला कळू शकत नव्हता. तुझ्या पत्रांत मी होते तशीच होते. तेवढी एक जागा मला राहू द्यायची होती.

आणि ल्यूटनला आले नाही कारण तू भेटल्याबरोबर माझ्या गळ्यावर हात ठेवतेस. लहानपणापासून ठेवतेस, बोलणं हाताला लागावं म्हणून. हात ठेवताच तुला कळलं असतं.

आता कळलंच आहे. लोकर परत करून ये.

तुझी,
रो


ल्यूटन
२१ मे १९३९

रो,

लोकर परत करणार नाही. मिसेस डनहॅमच्या मुलीला दिवस गेले आहेत, तिला उपयोगी पडेल.

मी तुझ्यावर आता खरोखर रागावले आहे. सात महिने. सगळ्या लंडनला ठाऊक, दूधवाल्याला ठाऊक, आणि मला नाही. बहिऱ्या माणसापासून लोक नेहमीच गोष्टी लपवतात. "जाऊ दे, नंतर सांगते" म्हणतात आणि कधीच सांगत नाहीत. माझ्याशी तसं कधीच न वागलेली एकच व्यक्ती होती.

राग लिहून झाला. आता दुसरं.

मला ताप भरला होता तेव्हा खोलीत कुणाला येऊ देत नव्हते. तू दाराबाहेर जमिनीवर बसून मला मोरीतल्या उंदरिणीची गोष्ट सांगायचीस. रोज उंदरिणीला नवा नवरा मिळायचा. एका संध्याकाळी तू सांगत होतीस आणि मी झोपले. उठले तेव्हा काहीच नव्हतं. म्हणजे या जगातलं शेवटचं जे ऐकलं ते तुझं बोलणं. अकरा वर्षांच्या मुलीचा, जरा नाकातला, घाईघाईचा आवाज, आणि "मग काय झालं सांगू?" असं दर दोन वाक्यांनी. तो मी रोज ऐकते. लोण्यासारखा वगैरे अजिबात नव्हता. तो माझ्यापाशी आहे, आणि तुझ्या डॉक्टरची सुरी ल्यूटनपर्यंत पोचत नाही.

गुरुवारी मी दुकानात असणार आहे. मिसेस डनहॅमना विचारलेलं नाही, सांगितलं आहे. खिडकीत आलीस की मला काय सांगायचं ते सांग. पण एक अट आहे. मला बरं वाटावं म्हणून काही म्हणू नकोस. जे असेल ते म्हण.

हेस्टर


लंडन
२३ मे

हेस्टर,

बरं. टोपी काढून बस.

रो


ल्यूटन
२५ मे १९३९

प्रिय रो,

आत्ताच दुकानातून आले, अंगातला कोटही काढलेला नाही.

आधी टिलकॉकांचं सांगते, कारण ते मध्ये आले. मी दुकानात शिरले आणि त्यांना ओळखलंच नाही. मिशा साफ. वरचा ओठ असा पांढरा आणि उघडावाघडा, की बघायला मलाच लाज वाटली. मी म्हटलं, "हे काय केलंत?" तर ते म्हणाले, "तुम्हाला माझं बोलणं अर्धंच मिळतं असं वाटलं. बघा आता पूर्ण मिळतं का." पूर्ण मिळालं. त्यांचा आवाज कसा आहे देव जाणे, पण बोलणं नीटस आहे. शब्द खात नाहीत.

मी त्यांना मोटारींचं सांगून ठेवलं होतं. खिडकीचा प्रवेश जवळ आला तसे ते उठून बाहेर गेले. मला वाटलं गिऱ्हाईक आलं. नंतर कळलं, ते भर रस्त्यात हात वर करून उभे होते. पावाची गाडी, कोळशाची गाडी आणि एका वकिलाची मोटार, तिन्ही थांबवून धरल्या. वकील खाली उतरून भांडला म्हणतात. त्यामुळे टिलकॉकांना तुझं काम दिसलंच नाही, पण आरशात एकही ठिपका पडला नाही.

मग तू आलीस.

"हेस्टर, टोपी काढलीस का? मागच्यांना दिसू दे." असं म्हणालीस, आणि चेहरा असा की समुद्र तुझा नवरा गिळायला निघालाय. शेजारची बाई हुंदके देत होती आणि मी मोठ्याने हसले. सगळं दुकान माझ्याकडे वळून बघायला लागलं. एका म्हाताऱ्याने तर माझ्याकडे बोट दाखवून बायकोला काहीतरी म्हटलं. त्याने काय म्हटलं ते मला दिसलं, ते इथे लिहीत नाही.

आणि मग तू काचेला हात लावलास आणि म्हणालीस, "बुधवारी सकाळी आहे. एकटीने जायचं माझ्याच्याने होत नाही. तू ये." आणि पुन्हा एकदा, "ये गं."

मग मी हसले नाही.

मंगळवारी संध्याकाळच्या गाडीने येते. मिसेस डनहॅम म्हणाल्या, ऐन हंगामात जाणार असाल तर यंत्र दुसरीला देईन. मी म्हटलं, द्या. त्यावर म्हणाल्या, चार दिवस, त्याहून एक दिवस जास्त नाही.

येताना क्लँगर आणते. ऑपरेशनआधी खायचा असेल तर मटणाकडून सुरुवात कर.

तुझी,
हेस्टर


लंडन
२० जून १९३९

प्रिय हेस्टर,

इस्पितळातून काल सोडलं. आता पुन्हा माझ्या खोलीत आहे. खिडकीत बसून लिहिते आहे.

तू गेल्यावर तिथल्या परिचारिकांनी तुझी फार आठवण काढली. मला शुद्ध आली, घशाला नळी, आवाजाचा थेंब नाही, मी घाबरून नुसते ओठ हलवले आणि तू खुर्चीतून म्हणालीस, "पाणी आत्ता नाही, दहा वाजता." ती थोरली परिचारिका तेव्हापासून तू काहीतरी जादू करतेस असं समजते. तू ल्यूटनला परतल्यावर त्यांना माझं काही समजेना. पाटी दिली होती, पण सगळ्याजणी माझ्या कानाशी येऊन ओरडून विचारत, "दुखतं का?" ज्याला बोलता येत नाही त्याला ऐकूही येत नसणार अशी त्यांची खात्री. एवढे दिवस तुझ्याशी लोक कसे वागत आले असतील ते मला तिथे पडल्या पडल्या कळलं.

डॉक्टरांनी शेवटी माझ्याकडे बघून सांगितलं. गाठ गेली, परत येणार नाही असं वाटतं. आवाजही परत येणार नाही. फार तर कुजबुज, तीही यायला हिवाळा उजाडेल. मी मान हलवली. वाटलं होतं तेवढं वाईट त्या क्षणी वाटलं नाही. ते संध्याकाळी वाटलं.

आज मात्र एक पत्र आलं आणि त्याने मला आजारापेक्षा जास्त आडवं केलं. हिवाळ्यात केलेला तो सिनेमा आठवतो ना, पाणी पिऊन पिऊन केलेला. स्टुडिओवाल्यांनी कळवलं आहे की माझा आवाज चालण्यासारखा नव्हता, म्हणून सगळे संवाद दुसऱ्या एका मुलीकडून म्हणवून घेतले. चेहरा माझा, आवाज तिचा. नाव माझंच राहील, असं उपकार केल्यासारखं लिहिलंय. चित्रपट ऑगस्टात लागेल.

ते शेवटचं माझं बोलणं होतं, हेस्टर. प्रत्येक वाक्य मी घशातून ओढून काढलं होतं. ते त्यांनी पुसून टाकलं. टेलिव्हिजनवरचं उरत नाही हे ठाऊक असतं, त्याचं दुःख नाही. पण फिल्मवर उरतं असं मला वाटायचं.

तो चित्रपट मी बघणार नाही. तूही त्याबद्दल मला काही लिहू नकोस.

रो


ल्यूटन
८ ऑगस्ट १९३९

प्रिय रो,

दीड महिना झाला, तुझी चार ओळींची चिठ्ठी नाही. मी तीन पत्रं लिहिली. हे चौथं, आणि हे तू लिहू नकोस म्हटलेल्या गोष्टीबद्दल आहे. पुढे वाचायचं नसेल तर इथे थांब. पण तू थांबणार नाहीस, मला ठाऊक आहे.

हाय स्ट्रीटवरच्या थिएटरात शनिवारी तुझा चित्रपट लागला. मी गेले. दहा वर्षांनी गेले. टिलकॉक सोबत होते. तिकीट काढतानाच वाटत होतं, पुन्हा तेच होणार, दोन तास पाठमोरी माणसं बघत बसावं लागणार. झालंही तसंच. नायक सबंध वेळ पाइप तोंडात धरून बोलतो. नायिका बोलताना दर वेळी फुलं हुंगते. पहिली वीस मिनिटं कोण कुणाचा भाऊ तेच मला कळलं नाही.

मग तू आलीस. स्वयंपाकघरात, पीठ लागलेल्या हातांनी, आणि कॅमेरा थेट तुझ्या तोंडासमोर. बोलायला लागलीस आणि मला एक एक शब्द मिळाला. रो, त्यांनी आवाज पुसला असेल, ओठ कुठे पुसलेत? तू हिवाळ्यात त्या दिव्यांखाली उभी राहून जे बोललीस तेच मी शनिवारी ऐकलं. तुझ्याच घाईने. शब्दाआधी तू घेतलेला श्वाससुद्धा. बहिणीला निरोप सांगतेस त्या वाक्यात तू मध्येच आवंढा गिळतेस. तिथे तुला फार दुखलं असणार. मी टिलकॉकांचा हात घट्ट धरला. नंतर तो सोडायचं राहूनच गेलं, त्यामुळे तो एक विषय आपोआपच मिटला. त्याबद्दल भेटल्यावर सांगेन.

बाहेर आल्यावर त्यांना विचारलं, तिचा आवाज कसा होता? ते दिव्याखाली येऊन, माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "बारीक होता. शाळकरी मुलीसारखा. त्या चेहऱ्याचा नव्हता." मी म्हटलं, मग मला सांगू नका, मी तो ऐकलेलाच नाही.

थिएटर भरलेलं होतं. त्या सगळ्यांनी कुणा परक्या मुलीचं ऐकलं. तुझं मी ऐकलं. त्या फिल्मवर तू आहेस, रो. घशातून ओढून काढलेलं एकूण एक वाक्य जागच्या जागी आहे. मी रविवारी पुन्हा जाऊन खात्री करून आले.

हंगाम संपलाय, यंत्रं थंड आहेत. दुपारी मोकळी असते.

तुझी,
हेस्टर


लंडन
११ ऑगस्ट १९३९

प्रिय हेस्टर,

चार पत्रं एका ओळीत मांडून बसले आहे. पहिल्या तिन्हींना उत्तर दिलं नाही कारण काय लिहावं सुचत नव्हतं. चौथ्यालाही सुचत नाही, पण लिहिते आहे.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग आरशासमोर जाऊन ते निरोपाचं वाक्य म्हणून पाहिलं, नुसत्या ओठांनी. आवंढा अजून त्याच ठिकाणी येतो, आता दुखत नसलं तरी.

एक बातमी. टेलिव्हिजनचे दिग्दर्शक घरी येऊन गेले. नाटक चालू असताना नट संवाद विसरतात, आणि तिथे मायक्रोफोन सतत चालू असल्याने कुणाला सांगता येत नाही, सांगितलं तर घरोघर ऐकू जातं. त्यांना कॅमेऱ्याच्या बाजूला उभी राहून नुसत्या ओठांनी पुढचं वाक्य सांगणारी बाई हवी आहे. आवाज अजिबात असता कामा नये. ते हे बोलून गेले आणि मग कानापर्यंत लाल झाले. मी पाटीवर लिहिलं, "माझ्याइतकी लायक बाई तुम्हाला सापडायची नाही." मग दोघंही हसलो. माझं हसणं आता फाटका कागद सरकवल्यासारखं येतं, पण येतं. सप्टेंबरपासून या म्हणाले. हाताखाली दोन नट देणार आहेत सरावाला. त्यांना समोरच्याचे ओठ कसे वाचायचे ते शिकवायला हवं, आणि ते मला नीट येत नाही. ते तू शिकव. म्हणून येते आहे. खोटं. म्हणून नाही.

शनिवारी येते. चित्रपट अजून लागलेला असेल तर तिकिटं काढून ठेव, तीन काढ. तुझ्या त्या मिशी उतरवलेल्या माणसाला मला जवळून बघायचं आहे, आणि तुला तो चित्रपट बघताना बघायचं आहे. पडद्याकडे बघेन की नाही ते तिथे गेल्यावर ठरवीन.

आल्याबरोबर तू गळ्यावर हात ठेवशील. ठेव. व्रण आहे, दचकू नकोस. हाताला काही लागणार नाही, पण मी बोलत असेन.

गाडी सव्वाचारला पोचते. शनिवारची गर्दी असेल. मला तुला हाक मारता येणार नाही, आणि मारली तरी तुला ऐकू येणार नाही, तेव्हा दोघींनी डोळे उघडे ठेवून फलाटावर उभं राहायचं.

तुझी,
रो